‘कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल’ : अर्थशास्त्राची पदवी आणि ठाणे-डोंबिवलीची नोकरी



बँक भरतीची जाहिरात तुम्ही वाचली असेलच. आयबीपीएसच्या परीक्षेसाठी पात्रता काय लागते? कोणत्याही शाखेची पदवी. म्हणजे पैशाचा व्यवहार करणारी संस्था माणसं निवडताना पैशाचा अभ्यास केलेला माणूसच हवा, असं म्हणत नाही. इतिहासवाला चालतो, वनस्पतिशास्त्रवाला चालतो, इंजिनिअर तर चालतोच.

मग तीन वर्षं मागणी-पुरवठ्याचे वक्र काढलेल्या, चलनवाढीची कारणं पाठ केलेल्या विद्यार्थ्याला त्या अभ्यासाचा नक्की काय उपयोग झाला? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांमध्ये हा प्रश्न साध्या शब्दांत विचारला जातो : ‘अर्थशास्त्र घेऊन पुढे काय?’ घरचे विचारतात तेव्हा आपण काहीतरी उत्तर देऊन सुटतो. पण एम.ए. करून पीएच.डी.कडे वळायचा विचार असेल, तर या प्रश्नाकडे संशोधनाचा विषय म्हणून बघायला हवं. मी सध्या शिक्षण आणि नोकरी यांच्या संबंधावर काम करतेय. त्या वाचनातून हाती आलेला इतिहास इथे मांडतेय, आणि तुम्हाला यावर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करता येईल हेही सांगतेय.

आधी प्रश्नाचे तुकडे करूया

‘अर्थशास्त्राची पदवी करिअरसाठी तयार करते का?’ हे वाक्य जसंच्या तसं संशोधनाला चालणार नाही. त्यात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न तयारीचा. या अभ्यासाने माणसाला असं काही करता येऊ लागतं का, जे आधी येत नव्हतं? गॅरी बेकर यांचं ‘ह्यूमन कॅपिटल’ हे पुस्तक 1964 मध्ये आलं. त्यातली मांडणी थोडक्यात अशी : शिक्षण ही गुंतवणूक आहे, तिने माणसाची उत्पादकता वाढते आणि म्हणून पगार वाढतो.

दुसरा प्रश्न गाळणीचा. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये वेगळीच शक्यता दाखवली. समोरचा उमेदवार किती हुशार आणि किती चिकाटीचा आहे, हे मालकाला दिसत नाही. पदवी मिळवणं चिकाटीच्या माणसाला तुलनेने सोपं जातं, इतरांना अवघड. त्यामुळे वर्गात काय शिकवलं याला फार महत्त्व नसलं तरी पदवी हा एक संकेत ठरतो. जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा’ असं लिहिणारी बँक बहुतेक हा संकेतच मागत असते.

तिसरा प्रश्न दाराचा. तयारी आहे, संकेतही आहे, पण दार उघडतं का? जात, लिंग, भाषा, गाव, ओळखी या गोष्टी इथे येतात. वरच्या दोन सिद्धांतांवर बोलताना हा प्रश्न आपण बऱ्याचदा विसरतो.

तयारी, गाळणी आणि दार. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास यांच्या आधारानेच वाचायचा आहे.

पहिला टप्पा : कारभार समजून घेण्याचा विषय

मराठीत अर्थशास्त्र विद्यापीठाच्या आधी आलं. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 चं, मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची. विद्यापीठ आल्यावरही बराच काळ हा विषय इतिहासाच्या जोडीने शिकवला जायचा. नाव होतं ‘पोलिटिकल इकॉनॉमी’. त्याचा अभ्यास करणारा माणूस पुढे वकील, न्यायाधीश, शिक्षक किंवा सरकारी नोकर व्हायचा. ‘अर्थशास्त्रज्ञ’ नावाची नोकरी जवळपास नव्हतीच.

न्यायमूर्ती रानडे हे न्यायखात्यातले. त्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर व्याख्यान दिलं. इंग्रजी पुस्तकांतले सिद्धांत प्रत्येक देशाला सारखेच लागू होत नाहीत, ही त्यांची भूमिका होती. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायचे. 1897 मध्ये त्यांनी वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. 1902 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं मोठं भाषण झालं. सरकार शिलकी अंदाजपत्रक दाखवून देशाची भरभराट सांगत होतं. देशाने नुकताच दुष्काळ सोसलेला असताना ही शिल्लक भरभराटीची नाही, ती जास्तीच्या कराची आणि चलनधोरणाची आहे, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं. मिठावरचा कर कमी करा ही त्यांची मागणी होती, आणि 1903 मध्ये तो कर खाली आला.

आता बघा, गोखल्यांची ही तयारी कुठे झाली? त्यांना आकडेवारी वाचायला मदत करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते. सरकारी अहवाल गोळा करायचे, त्यातले तक्ते ताडून बघायचे आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहायचे, असं काम ते करत. म्हणजे या टप्प्यात खरी तयारी पदवीपेक्षा एका सवयीतून झाली : सरकारी आकडा घ्यायचा आणि तो कसा तयार झाला हे विचारायचं.

तयारी पूर्ण, दार बंद

दुसरं उदाहरण तुम्हाला परिचित आहे, पण ते करिअरचा इतिहास म्हणून क्वचितच वाचलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाले. लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून 1917 मध्ये ते परत आले. बडोदा संस्थानात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले. गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक यायचे थांबले. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळात अर्थशास्त्राची एवढी तयारी असलेली माणसं मुंबईत किती असतील? तरीही दार उघडलं नाही. पगार शिक्षणामुळे वाढतो, हे समीकरण मांडताना हे उदाहरण समोर ठेवा. तयारीचा आकडा आणि दाराचा आकडा वेगवेगळा मोजावा लागतो.

त्याच 1918 मध्ये त्यांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. शेतं लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, असं सगळे म्हणत होते. आंबेडकरांनी प्रश्नच बदलला. जमीन लहान की मोठी हे तिच्यावर लागणाऱ्या भांडवलाच्या आणि इतर साधनांच्या प्रमाणात ठरतं. खरी अडचण शेतीवर जगणाऱ्या जास्तीच्या माणसांची आहे, आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण. पुढच्या काळात शहाड, आंबिवली, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यात कारखाने आले, आजूबाजूच्या तालुक्यांतला माणूस शेतातून कारखान्यात गेला. त्या बदलाकडे बघण्याची एक चौकट या निबंधात तयार मिळते.

1923 मध्ये त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झालं, आणि 1925 मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी साक्ष दिली. या साक्षीबद्दल मोबाइलवर बरंच काही फिरत असतं. तुम्ही संशोधक होणार असाल तर फिरणारं वाक्य बाजूला ठेवा आणि साक्षीची छापील प्रत उघडा. काय विचारलं गेलं आणि काय उत्तर दिलं गेलं, ते सगळं तिथे आहे. कुणाबद्दल कितीही आदर असला तरी मूळ कागद वाचायचा, हाही त्या आदराचाच भाग आहे.

पाहणीची शाळा

1919-21 च्या सुमारास मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचं स्वतंत्र पदव्युत्तर स्कूल उभं राहिलं. के. टी. शहा आणि नंतर सी. एन. वकील यांनी तिथल्या अर्थशास्त्र विभागाला आकार दिला. दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद ही नावं याच परंपरेतली. पुण्यात 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले.

या दोन्ही ठिकाणी पाहणीला फार महत्त्व होतं. गाडगीळांच्या संस्थेने पुणे शहराची घरोघर पाहणी केली, लकडावालांनी मुंबई शहराची आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. प्रश्नावली तयार करायची, दार ठोठवायचं, माणसाला बोलतं करायचं, उत्तर तक्त्यात बसवायचं. या कामाचा करिअरशी संबंध कसा येतो, ते एका उदाहरणातून बघूया.

1951 मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत गाडगीळ सदस्य होते. 1954 मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून किती मिळतं? फक्त 3.1 टक्के. व्यावसायिक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे 70 टक्के. समितीच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, 1 जुलै 1955 रोजी. तिच्यावर ग्रामीण भागात शाखा काढायची जबाबदारी आली. शाखा निघाल्या म्हणजे कारकून, रोखपाल, अधिकारी लागले.

साखळी अशी आहे : पाहणी, आकडा, धोरण, संस्था, आणि शेवटी हजारो नोकऱ्या. अर्थशास्त्राने नोकऱ्या दिल्या, पण त्या मुख्यतः अर्थशास्त्राच्या पदवीधरांना दिल्या असं नाही. हा फरक नीट पकडा. विषयाचा समाजाला होणारा उपयोग आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्याला होणारा उपयोग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः गाडगीळ तर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पण किती जणांच्या वाट्याला असं करिअर येतं?

1969 : आपल्या पट्ट्याचं वर्ष

आता ठाण्यात येऊया. रेल्वे ठाण्यापर्यंत 16 एप्रिल 1853 ला आली आणि 1854 मध्ये कल्याणला पोचली. पण कॉलेज यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. ठाणे-कल्याणच्या मुलामुलींना बी.ए. किंवा बी.कॉम. करायचं तर गाडी पकडून मुंबईच्या बाजूला, माटुंग्याच्या रुईया-पोदारसारख्या कॉलेजांत, जावं लागायचं. ज्याला पास आणि वेळ परवडेल त्याने शिकायचं.

ठाण्यातल्या विद्या प्रसारक मंडळाने, 1935 सालच्या संस्थेने, 1969 मध्ये कला आणि वाणिज्य महाविद्यालय सुरू केलं. तेच आजचं जोशी-बेडेकर. कल्याणला बिर्ला कॉलेज 1972 मध्ये आलं. पदवीचं शिक्षण चालत किंवा बसने जाण्याच्या अंतरावर आलं.

त्याच 1969 च्या 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, देना बँक यांची मुख्यालयं मुंबईत, म्हणजे लोकलच्या टप्प्यात. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या 8,262 शाखा होत्या. 1990 पर्यंत त्या 60 हजारांच्या आसपास गेल्या. नागरी सहकारी बँकाही याच काळात उभ्या राहिल्या : डोंबिवली नागरी सहकारी बँक 1970, ठाणे जनता सहकारी बँक 1972, कल्याण जनता सहकारी बँक 1973.

कॉलेज 1969, बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969, बँक 1970, कॉलेज 1972, बँक 1972, बँक 1973. तारखा अशा ओळीने लावल्या की गोष्ट आपोआप तयार होते : कॉलेजांनी पदवीधर दिले, बँकांनी ते घेतले, डोंबिवली बँकवाल्यांचं गाव झालं. आकर्षक गोष्ट आहे. पण इथे थांबा.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. दोन्हींमागे तिसरं कारण असू शकतं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून तिचं काम सुरू झालं. कारखाने आले, पगारदार कुटुंबं आली, मुंबईत घर परवडेना म्हणून मध्यमवर्ग कल्याण-डोंबिवलीकडे सरकला. पगारदार कुटुंबांना मुलांसाठी कॉलेज लागतं आणि बचतीसाठी बँकही लागते. म्हणजे कॉलेज आणि बँक या दोघांनाही लोकवस्तीच्या त्याच लाटेने आणलं असेल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हा संशय तुमच्या मनात यायलाच हवा. तो आला, तर तुमच्या पदवीने तुमची काहीएक तयारी केली आहे, असं समजायला हरकत नाही.

आणखी एक योगायोग सांगते. याच 1969 मध्ये ब्लाउग, लेयार्ड आणि वुडहॉल यांचं भारतातल्या पदवीधर बेकारीच्या कारणांवरचं पुस्तक आलं. इतके पदवीधर बेकार असताना लोक कॉलेजात का जातात, हा त्यांचा प्रश्न. विद्यार्थी मूर्ख नाहीत, असं त्यांचं उत्तर. शिक्षणाचा बराच खर्च सरकार करतं, आणि उशिरा का होईना मिळालेली पदवीची नोकरी बिनपदवीच्या नोकरीपेक्षा चांगली असते. त्यामुळे व्यक्तीच्या दृष्टीने वाट बघणं फायद्याचं ठरतं, समाजाच्या दृष्टीने तितकं नाही. आज बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांची चार-चार वर्षं तयारी करणारे मित्र तुम्हाला माहीत असतील. त्यांच्याकडे ‘वेळ वाया घालवतात’ असं म्हणून बघू नका. त्यांचा हिशोब काय आहे, ते विचारा.

बँकेत शिरल्यावर काय?

भरतीच्या वेळी शाखा विचारली जात नाही, हे आपण पाहिलं. पण नोकरी लागल्यावर काय होतं? बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षा घेणारी संस्था 1928 पासून आहे, तिचं आजचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स. तिच्या जेएआयआयबी परीक्षेत आज एक पूर्ण पेपर भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तव्यवस्था यांवर आहे.

म्हणजे बघा, आत घेताना अर्थशास्त्र मागितलं नाही, पण आत आल्यावर इंजिनिअरलाही अर्थशास्त्र शिकायला लावलं. यावरून निदान एवढं म्हणता येतं की विषयाची कामात गरज आहे, फक्त तो आधीच येत असावा अशी बँकेची अट नाही. पुढचा प्रश्न संशोधनाचा : ज्याने तो आधी शिकलेला असतो, त्याला काही फायदा होतो का? तो ती परीक्षा लवकर पास होतो का? कर्जाचा प्रस्ताव वेगळ्या नजरेने वाचतो का? की पाच वर्षांनी दोघं सारखेच होतात? स्पेन्स बरोबर की बेकर, हे ठरवायला अशी जागा उत्तम आहे. काम एकच, पगाराची श्रेणी एकच, फक्त पदवीचा विषय वेगळा.

अर्थात, काही दारं आजही विषयाचं नाव विचारतात. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र किंवा त्याच्या जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या अर्थविषयक संशोधन विभागातल्या अधिकारी पदांचंही तसंच. पण या जागा मोजक्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘अर्थशास्त्राला खूप स्कोप आहे’ असं पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगणं मला बरोबर वाटत नाही. साठ जणांच्या वर्गातले किती जण तिथे पोचणार? उरलेल्यांच्या तयारीचं काय, हा खरा प्रश्न आहे.

बँकेचं दारही कायम सारखं उघडं राहिलेलं नाही. संगणकीकरणाने काउंटरवरचं काम बदललं. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. 1975 मध्ये पदवी घेतलेला, 1995 मध्ये घेतलेला आणि 2015 मध्ये घेतलेला विद्यार्थी यांच्या पदवीवर विषयाचं नाव एकच असलं तरी बाजार तीन वेगळे होते. तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या अनुभवावरून ‘अर्थशास्त्र चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असं ठरवू नका ते यासाठीच.

यावर संशोधन करायचं तर

समजा तुम्ही हा विषय घेतला. पहिली अडचण आकडेवारीची येईल. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, 2017 पासून सुरू आहे आणि त्याची घटकनिहाय माहिती मोफत मिळते. पण पहिल्या काही वर्षांच्या प्रश्नावल्या उघडून बघा. माणूस पदवीधर आहे का, तो कोणत्या व्यवसायात आहे, हे कळतं. त्याची बी.ए. अर्थशास्त्रातली की इतिहासातली, हे कळत नाही. उच्चशिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विषयवार प्रवेशाची माहिती आहे, पण तो विद्यार्थी पुढे कुठे गेला हे नाही. एका बाजूला विषय, दुसऱ्या बाजूला नोकरी, आणि मधला पूल गायब. तो पूल बांधणं हेच तुमचं काम.

आपल्या भागात ते करता येण्यासारखं आहे. काही जागा सांगते.

कॉलेजांचे वार्षिक अंक बघा. त्यात निकाल, विभागांचे अहवाल आणि माजी विद्यार्थ्यांचा उल्लेख असतो. ‘नॅक’साठी कॉलेजांनी दिलेल्या अहवालांत विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीची माहिती असते. ती कॉलेजने स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, हे मात्र विसरू नका. सहकारी बँकांच्या रौप्य आणि सुवर्ण महोत्सवी स्मरणिका शोधा. संस्थापक कोण, पहिले कर्मचारी कोण, कुठून आले, हे तिथे बऱ्याचदा सापडतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं. नेटवर नसलेलं बरंच काही अशा जुन्या वाचनालयांच्या कपाटांत असतं. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळाल्या तर नोकरीच्या जाहिराती नोंदवा : कोणत्या वर्षी, कोणत्या पदाला, कोणती पात्रता मागितली. एवढा एक तक्ता नीट भरला तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील. आणखी मागे जायचं असेल तर 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. त्यात भांडवल, सावकारी, मजुरी, किमती यांवर स्वतंत्र मजकूर आहे. बँका येण्याआधी इथे पैशाचा व्यवहार कोण आणि कसा करायचं, ते त्यातून कळेल.

मुलाखती घ्याल तेव्हा ‘पदवीचा उपयोग झाला का?’ असं थेट विचारू नका. निवृत्त माणूस चाळीस वर्षांनंतर आपल्या आयुष्याची गोष्ट नीटनेटकी करून सांगतो. उपयोग झाला म्हणेल, नाहीतर सगळं फुकट गेलं म्हणेल. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. पहिल्या महिन्यात कोणतं काम दिलं? ते कुणी शिकवलं? कर्ज नाकारायचं कारण लिहिताना काय बघायचात? कॉलेजातली कोणती वही किंवा पुस्तक नोकरी लागल्यावर पुन्हा उघडलं? मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पत्रव्यवहाराचं काय केलंत हेही विचारा, कारण तयारी आणि दार यांच्या मध्ये बऱ्याचदा भाषा उभी असते. बायकांना विचारताना लग्न, बदली आणि बढती यांबद्दल वेगळं विचारा. बदली नको म्हणून बढती नाकारली असेल, तर ती तयारीतली कमतरता धरायची नाही.

शेवटची सूचना, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. फक्त ज्यांना नोकरी लागली त्यांनाच भेटू नका. बँकेतल्या माणसांच्या मुलाखतींवरून ‘पदवीने बँकेसाठी तयार केलं’ असा निष्कर्ष काढला, तर बाहेर राहिलेले सगळे तुमच्या नमुन्यातून गळतात. त्याच वर्गातला जो रिक्षा चालवतो, जो शिकवण्या घेतो, जी घरी राहिली, त्यांनाही शोधा. वर्गाची जुनी हजेरी मिळाली तर तिच्यापासून सुरुवात करा, बँकेच्या यादीपासून नको.

तर मग, पुढे काय?

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. अर्थशास्त्राच्या पदवीचं नाव पाहून नोकरी मिळाली, असे प्रसंग कायमच थोडे होते. ज्यांची तयारी झाली ती आकड्याला प्रश्न विचारण्याच्या सवयीने झाली. गोखल्यांनी शिलकीचा अर्थ विचारला, आंबेडकरांनी ‘लहान’ म्हणजे किती ते विचारलं, पतपाहणीने सहकाराचा वाटा प्रत्यक्ष मोजला. यातलं काहीच परीक्षेच्या गाइडमधून येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. तो प्रकल्प मागच्या वर्षीच्या सीनिअरकडून घेऊन, मुखपृष्ठ बदलून देता येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. किंवा तुमच्या वॉर्डातल्या तीस घरांत जाऊन कर्ज कुठून घेतलं, किती व्याजाने आणि कशासाठी, हे विचारता येतं. गुण कदाचित दोन्हीला सारखेच पडतील. पण 1951 च्या पतपाहणीत जो प्रश्न गावात विचारला गेला, तो आज डोंबिवलीच्या चाळीत आणि ठाण्याच्या टॉवरमध्ये विचारणारा विद्यार्थी नंतर बँकेत जावो, एनजीओत जावो की पीएच.डी.ला, त्याच्या हातात काहीतरी आलेलं असेल.

आणि दार? ते तयारीने आपोआप उघडत नाही, हे लक्षात असू द्या. ते कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी नाही, हे मोजणंही आपल्याच विषयाचं काम आहे. तुमच्या कॉलेजातल्या एका जुन्या बॅचपासून सुरुवात करून बघा. यादी मिळाली की पहिला तक्ता तीन रकान्यांचा करा : काय शिकले, काय काम मिळालं, आणि कुणाला काय मिळालं नाही. तिसरा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागेल. तो रिकामा सोडू नका.